लाल मधाचं गौडबंगाल

“रद्द म्हणजे रद्द, पुनी. रजाच नाय मिळाली, मी काय करू?”

फोनवर बाबांचा आवाज पडलेला होता, पण पौर्णिमाला त्यांची दया आली नाही. तिने फोन आईच्या हातात कोंबला, पायांत चपला सरकवल्या आणि दार आपटून ती बाहेर पडली.

सांची, सारनाथ, बोधगया! दिवाळीच्या सुट्टीत बुधाजी आजोबांसकट सगळ्यांनी जायचं ठरलं होतं. पौर्णिमाने वर्गातल्या झाडून सगळ्या पोरींना सांगून ठेवलं होतं. आणि बाबांच्या कंपनीला नेमकी याच आठवड्यात घाई सुटली! मागच्या दिवाळीलाही हेच झालं होतं. तेरा वर्षांची झाली ती. पण शहापूर, मुरबाड आणि फार तर कल्याण, यापलीकडची धूळ काही तिच्या चपलांना लागली नव्हती.

“एवढा मोठा देश!” बांधावर बसून एकेक ढेकूळ ओढ्यात भिरकावत ती म्हणाली. “एवढा मोठा देश, आणि माझ्या वाट्याला वेळूपाडा!”

वेळूपाडा बिचारा काही वाईट नव्हता. किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की खाली भाताची खाचरं, मध्ये घरं आणि वर टेकडीचा उतार. सध्या त्या उतारावर खुरासणी, म्हणजे तेलाचे कारळे, फुलली होती. कोणीतरी पोतंभर हळद सांडावी तसा सगळा उतार पिवळाधमक दिसत होता. पण आज पौर्णिमाला तो दिसतही नव्हता.

“पुनी! पुनी गो! ट्रक आलाय, ट्रक!”

आदेश धावत येत होता. त्याच्यामागे त्याची धाकटी बहीण मनस्वी, एका हाताने फ्रॉक सावरत.

“मग मी काय नाचू?” पौर्णिमा खेकसली.

“नाच नको. बघायला चल! आमच्या आईच्या खुरासणीत पेट्या उतरवतायत. लाकडी पेट्या! आणि पेट्यांतून आवाज येतो. हूंऽऽऽ असा!”

“आत भूत आहे,” मनस्वीने माहिती पुरवली. “मी कान लावला होता.”

भुताबितांवर पौर्णिमाचा विश्वास नव्हता. पण रागाने एका जागी बसून राहायचाही तिला कंटाळा आला होता. ती उठली.

पेट्यांत भूत नव्हतं, मधमाश्या होत्या! आदेशची आई काशीकाकी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि एक उंच, काटकुळा माणूस तिला हिंदीत समजावत होता, की माश्या फुलांवर बसल्या तर खुरासणीचे दाणे वाढतील, कमी होणार नाहीत. त्याचं नाव बिंदेश्वर. बिहारमधल्या मुजफ्फरपूरकडचा. पेट्या उतरवून ट्रक निघून गेला आणि उतारावर एक ताडपत्रीचा तंबू उभा राहिला. तंबूतून पौर्णिमाच्याच वयाची एक मुलगी बाहेर आली.

“चंदा,” तिने स्वतःच नाव सांगितलं. “माझी मराठी थोडी थोडी. लातूरला सूर्यफुलात राहिली ना मी, तिकडे शिकली.”

“सूर्यफुलात राहिलीस?”

“हो. आधी गावाला लीची. मग झारखंडला करंजाची झाडं. मग लातूर. आता तुमचं हे पिवळं. थंडीत राजस्थान, मोहरी. फूल जिकडे, पेटी तिकडे. पेटी जिकडे, आम्ही तिकडे.”

जिच्या नशिबात अख्खा देश लिहिलाय ती मुलगी ही अशी, तेलकट वेणी घालून, कंटाळून समोर उभी!

“बोधगया पाहिलंस?” तिने घाईने विचारलं.

“ट्रकमधून गेलो तिकडून. झोपली होती मी.”

“झोपली होतीस!” पौर्णिमा जवळजवळ किंचाळली. “आणि वैशाली?”

“वैशालीजवळ मामी राहते. तिकडे उंच खांब आहे, वर दगडाचा सिंह. त्याच्या कुंपणाबाहेर मामीच्या शेळ्या चरतात.”

“आणि राजस्थान? राजस्थान कसं आहे?”

चंदाने जरा विचार केला. “पिवळं. थंड. पाणी खारट.”

“बस? किल्ले? उंट? लोक काय घालतात, काय गातात?”

“आम्ही शेतात राहतो ना,” चंदा म्हणाली. तिच्या आवाजालाही आता धार आली. “गावात कोण बोलावतं आम्हाला? तू सांग, तुझ्या गावात काय आहे? मला इथून फक्त छपरं दिसतात.”

पौर्णिमा पाठ फिरवून तरातरा उतार उतरली. कोणीतरी आपल्या तोंडचा घास पळवला आणि वर त्याला चव नाही म्हणून सांगितलं, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पाय आपोआप उताराकडेच वळले.

हळूहळू चौघांची गट्टी जमली. चंदा त्यांना माश्या शांत करणारं धुराचं डबडं कसं धरायचं ते दाखवायची. माशी अंगावर बसली तर हात झटकायचा नाही, हे मनस्वीला सोडून सगळे शिकले. मनस्वी दोनदा चावून घेऊन, दोनदा भोकाड पसरून पुन्हा हजर! बदल्यात पौर्णिमा चंदाला खालचं गाव दाखवायची: हे समाजमंदिर, हे भाताचं खळं, ही शाळा.

आणि मग एका सकाळी बिंदेश्वरने पेटीतली चौकट वर काढली आणि ती अगदी डोळ्यांजवळ नेली.

“बाबूजी, क्या हुआ?” चंदाने विचारलं.

त्याने चौकट उन्हात धरली. पोळ्याच्या घरांत मध भरला होता. पण तो पिवळा नव्हता, सोनेरी नव्हता. तो लाल होता! लालभडक, गुलाबाच्या सरबतासारखा!

“रक्त!” मनस्वी ओरडली आणि कोणी थांबवायच्या आत ती उतारावरून गावाकडे पळत सुटली. “माश्यांनी रक्त प्यायलं! माश्यांनी रक्त प्यायलं!”

“हिला कोणीतरी पकडा रे!” आदेशने कपाळावर हात मारला.

व्हायचं ते झालंच. दुपारपर्यंत अख्खा वेळूपाडा वर आला. पोलीस पाटील महादू सगळ्यांत पुढे. त्यांच्या शेजारी अनिलकाका. जुन्या भात गिरणीच्या शेडमध्ये कल्याणच्या कोणा शेठने सरबताचा कारखाना काढला होता, आणि अनिलकाका तिथले मॅनेजर होते. गोड माणूस. पोरं दिसली की खिशातून गोळ्या काढायचे.

“ह्याच्यात रक्तबिक्त काय नाय,” अनिलकाका चौकट बघून म्हणाले. “रंग आहे, रंग! हे लोक साखरेच्या पाण्यात रंग कालवतात नि मध म्हणून विकतात. मी धंद्यातला माणूस, मला कळतं.”

“नहीं साब! कसम से!” बिंदेश्वरने हात जोडले. “कोई बीमारी होगी...”

“बीमारी असेल तर अजून वाईट,” पोलीस पाटलांनी फर्मावलं. “रविवारपर्यंत पेट्या हलव. नायतर आमी हलवू.”

“रविवार तक ट्रक नहीं आएगा, पाटीलजी! और दिन में पेटी हिलाई तो आधी मक्खी पीछे छूट जाएगी!”

“ते तुझं तू बघ.”

“पण महादूकाका,” पौर्णिमा पुढे झाली, “आम्ही रोज इथेच असतो. कोणी रंग घालत नाही! माश्या कुठून तरी आणतायत.”

“लाल फुलं आहेत का इथे कुठे? मध लाल करणारी? दाखव!”

पौर्णिमाने सगळ्या उतारावर नजर फिरवली. अशी फुलं नव्हती.

“पोरांनी पोरांसारखं राहावं,” पाटील म्हणाले आणि सगळे भात कापायला निघून गेले.

पौर्णिमाने चरफडत जमिनीवर पाय आपटला. “ऐकतच नाहीत! एक अख्खं वाक्य तरी ऐकावं माणसाने!”

“मग आपणच शोधू,” आदेश म्हणाला.

शोधायचं कसं, ते चंदाने दाखवलं. पेटीच्या दाराशी उन्हाच्या दिशेला तोंड करून बसायचं. खुरासणीवरून येणाऱ्या माशीच्या पायांना पिवळे पराग असतात. पण काही माश्या रिकाम्या पायांनी येत होत्या, आणि उन्हातून बघितलं की त्यांचं पोट माणकासारखं लाल चमकत होतं!

“आंब्याच्या डोक्यावरून येतायत सगळ्या!” आदेश ओरडला.

“आंब्याच्या पुढे रस्ता, आणि रस्त्याला...” पौर्णिमाने टाळी वाजवली. “गोळेवाला चांगो! लाल सरबत! चला!”

चौघं धावत सुटले. फाट्यावर चांगोची बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी होती. पौर्णिमाने धापा टाकतच त्याला सुनावलं, “चांगोदादा, तुझ्या सरबतामुळे बिंदेश्वरकाकांच्या पेट्या हलवायला लागणारेत! बाटल्या उघड्या का ठेवतोस?”

चांगोने शांतपणे एकेक बाटली उचलून दाखवली. प्रत्येकीला घट्ट बूच. गाडीवर एकसुद्धा माशी नव्हती.

“माशी दिसली तर गिऱ्हाईक येईल काय, पोरी?” तो म्हणाला. “उगाच कोणावर पण आळ घेती!”

पौर्णिमाचे कान लाल झाले. पाटील बिंदेश्वरवर आळ घेतात म्हणून ती चिडली होती. आणि तिने स्वतः काय केलं? परतताना ती मान खाली घालून सगळ्यांच्या पुढे चालत राहिली.

“झालं ना मनासारखं?” आदेश कुरकुरला. “तुझी घाई! आंब्यामागे रस्ता आहे, तसं रान पण आहे. माशी मैलभर जाते म्हणे.”

“मग तू शोध ना!”

“शोधतोच!”

“भांडू नका,” चंदा वैतागून म्हणाली. “रविवारी तुमचं काही नाही जाणार. आमचं जाणार.”

दोघंही वरमले. चंदाने खाली बसून मातीत काडीने रेघ ओढली. ही पेटी, हा आंबा. पौर्णिमा त्या रेघेकडे बघत राहिली. एकाएकी तिने चंदाच्या हातातली काडी हिसकावली.

“एका पेटीवरून नुसती दिशा कळते. किती लांब ते कळत नाही. पण दुसरीकडची पेटी बघितली तर? तुमच्या काही पेट्या उताराच्या त्या टोकाला आहेत ना? तिथून दुसरी रेघ! दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील...”

“तिथे लाल!” मनस्वीने उडी मारली.

दुसऱ्या टोकाच्या पेट्यांवर लाल पोटाच्या माश्या आंब्यावरून येत नव्हत्या. त्या येत होत्या सागाच्या झाडांच्या डावीकडून. आदेश आंब्याकडून सरळ चालत निघाला, चंदा सागाकडून. मध्ये झाडं, काटेरी करवंदीच्या जाळ्या. दोघं एकमेकांना हाका मारत होते. पौर्णिमा आणि मनस्वी वरून ओरडत होत्या, “डावीकडे! अरे डावीकडे! तुझी डावी!”

आदेश आणि चंदा समोरासमोर आले ते दगडाच्या जुन्या खाणीच्या काठावर. मागोमाग पौर्णिमा आणि मनस्वीही धावत पोहोचल्या.

खाणीत लाल पाणी साचलं होतं. चिकट, दाट, गोड वासाचं. काठावर हजारो माश्या घोंघावत होत्या, कित्येक त्यात बुडून मेल्या होत्या. आणि खड्ड्याच्या कडेवरून एक लाल ओघळ खाली ओढ्याकडे निघाला होता. त्याच ओढ्यावर वेळूपाड्याची गुरं पाणी पितात! चंदाने एक मेलेली माशी काडीवर उचलली आणि तळहातावर ठेवली.

पौर्णिमाने मान वर केली. खाणीच्या वरच्या बाजूला, झाडांआड, जुन्या भात गिरणीची पाठ दिसत होती.

“अनिलकाकांचा कारखाना!” ती ओरडली.

“फोटो काढ, फोटो!” ती आदेशला म्हणाली. त्याने आईचा फोन आणला होता. त्याने भराभर फोटो काढले.

आणि इथे पौर्णिमाने दुसरी चूक केली. परतताना वाटेत खुद्द अनिलकाकाच भेटले. गोड माणूस! तिला वाटलं, यांना ठाऊकच नसेल. कामगारांनी परस्पर ओतलं असेल.

“अनिलकाका, तुमच्या शेडमागच्या खाणीत लाल सरबत साचलंय! माश्या तेच पितात. ओढ्यातही जातंय!”

अनिलकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर अडखळलं. मग त्यांनी खिशातून गोळ्या काढल्या. “असं? बरं केलंत सांगितलंत. बघतो हां मी. तुमी आता घरी जा.”

पोरं महादू पाटलांकडे धावली. पाटील भात झोडत होते. “उद्या,” ते म्हणाले. “आता एवढे भारे संपवू दे. उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी पाटील आले. पुढे पोरं, मागे पाटील. करवंदीच्या जाळ्या ओलांडून सगळे खाणीच्या काठावर पोहोचले, आणि पौर्णिमाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

खड्डाच नव्हता! तिथे ताजा मुरूम पसरला होता, वरून सपाट दाबलेला. शेजारी जेसीबीच्या चाकांच्या खुणा.

“कुठाय तुमचं सरबत?” पाटलांनी विचारलं.

“इथेच होतं! काल इथे होतं! आदेश, फोटो दाखव!”

आदेशने फोन पुढे केला आणि त्याचा चेहरा पडला. पहिल्या फोटोत त्याचा अंगठा. दुसऱ्यात त्याचा अंगठा. तिसऱ्यात अंगठ्यामागे थोडी तांबडी माती.

“हा काय पुरावा? हा तर तुझा अंगठा!” पाटील कडाडले. “माझा सकाळचा अर्धा वेळ घालवलात! तो अनिल म्हणतो, खाणीत गुरं पडतात म्हणून त्याने खड्डा बुजवला. त्याचे आभार मानायचे, तर तुमी त्याच्यावरच आळ घेता?”

ते निघून गेले. पौर्णिमा ताज्या मुरुमाला टाच मारत राहिली.

“माझ्यामुळे,” शेवटी ती म्हणाली. “मीच अनिलकाकांना सांगितलं. तोंड उघडलं की सगळं बिघडतं माझं!”

“माझं पण,” मनस्वी बारीक आवाजात म्हणाली. “रक्त मीच ओरडले होते.”

“आणि माझा अंगठा,” आदेश म्हणाला.

संध्याकाळी चंदा धावत पौर्णिमाच्या दारात आली. ती पहिल्यांदाच एकटी गावात आली होती. बुधाजी आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी “ये गो पोरी” म्हणून तिला पाणी दिलं, पण तिने ते प्यायलंही नाही.

“चल. आत्ता. बघ.”

उतारावर आदेश आणि मनस्वीही आले होते. पेटीतल्या चौकटीवर, लाल घरांच्या बाजूला, नव्याने भरलेली घरं होती. निळी! शाईसारखी निळी!

आदेशने आ वासला. “निळं कुठून आलं?”

“खड्डा बुजवायच्या आधी,” पौर्णिमा हळूहळू म्हणाली. तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. “आपण अनिलकाकांना सांगितलं. त्यांना कळलं की आता खड्डा बंद करायला लागणार. मग शेडमध्ये अजून जे काही फेकायचं होतं, तेही त्यांनी ओतून घेतलं. मग वर मुरूम. तेवढ्यात माश्यांनी आपलं काम केलं!”

“चला पाटलांकडे!” आदेश निघालाच.

“थांब!” पौर्णिमाने त्याची कॉलर पकडली. “आतापर्यंत सांगून काय मिळालं? सांगितलं की कोणीतरी पुरावा बुजवतं! आता कोणाला काही सांगायचं नाही. लाल मध सगळ्या गावाला माहीत आहे. निळा फक्त आपल्याला आणि बिंदेश्वरकाकांना. कळलं? निळा शब्दसुद्धा कोणी काढायचा नाही. मनस्वी, तू तर नाहीच!”

“मी कुठे बोलते?” मनस्वी फुरंगटली. तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. “बरं. नाय बोलणार. पण मग माझं काम काय?”

पौर्णिमा तिच्याकडे बघतच राहिली. मग त्या दिवसांत पहिल्यांदाच ती मनापासून हसली.

“तुझं काम सगळ्यांत मोठं. तू बोलायचंस. पण मी सांगेन तेव्हाच.”

रविवारी ऊन उतरल्यावर गाव पुन्हा उतारावर जमलं. महादू पाटील, अनिलकाका, हातात दोर घेतलेले जवान गडी आणि सरपंच येसूबाई. येसूबाई पंचायतीच्या कामाला शहापूरला गेल्या होत्या, त्यांनी हे सगळं आजच ऐकलं होतं. बुधाजी आजोबाही काठी टेकत आले आणि बांधावर बसले. बिंदेश्वर एका पेटीवर हात ठेवून उभा होता.

“काय अनिल, तुझं म्हणणं काय?” येसूबाईंनी विचारलं.

“माझं म्हणणं सरळ आहे बाई. ह्यांच्या रंगाच्या मधाने गावाचं नाव जाईल. आणि ही पोरं म्हणतात, माझ्या शेडीतून सरबत बाहेर येतं! अहो, आमचा माल म्हणजे सोनं. एक थेंब बाहेर टाकत नाय आमी. आत बनतं ते बाटलीत जातं नि बाटली गाडीत जाते.”

“एक थेंबसुद्धा नाही?” पौर्णिमाने विचारलं.

“एक थेंबसुद्धा नाय!”

पौर्णिमाने हळूच मनस्वीला कोपर मारलं. मनस्वी दोन पावलं पुढे गेली आणि मान वेळावून म्हणाली, “अनिलकाका, आमची भाऊबीज झाली. दादाने मला काहीच नाही दिलं. तुमी सरबत द्याल? निळं निळं?”

लोक हसले. अनिलकाकाही हसले.

“निळं होय? कोणी सांगितलं गो तुला निळ्याचं? ते नाय जमलं. कडूच झालं सगळं. पिंपच्या पिंप ओतून द्यायला लागलं. त्यापेक्षा तुला मस्त खसचं...”

ते बोलायचे थांबले.

“ओतून दिलं?” येसूबाईंनी विचारलं. “आत्ता तर थेंब टाकत नाय म्हणालास.”

“म्हंजे... ते... थोडंसंच...”

“कुठे ओतलं, काका?” पौर्णिमाने विचारलं. या वेळी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

चंदाने पेटीचं झाकण उचललं, धूर सोडला आणि चौकट वर काढून उन्हात धरली. लाल घरं सगळ्यांनी पाहिली होती. आता त्यांच्याशेजारी निळी चमकत होती. जमावातून एकदम “अगो बाई!” निघालं.

“हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं,” पौर्णिमा म्हणाली. “मनस्वीने निळं मागितलं, तेव्हा अनिलकाकांनी नाही म्हणायला हवं होतं, की निळं सरबत आम्ही बनवतच नाही. पण त्यांनी बनवलं. ओतलं. आणि ते आमच्या पेटीत आलं!”

महादू पाटील अनिलकाकांकडे बघत राहिले. मग त्यांनी एका गड्याच्या खांद्यावरची कुदळ घेतली आणि ते खाणीकडे चालू लागले. गाव त्यांच्यामागे निघालं. मुरुमाचा थर फार जाड नव्हता. कुदळ जरा खाली गेली आणि तिच्या पात्याला लाल-निळा चिकट चिखल लागून वर आला. गोड, आंबूस वास सगळीकडे पसरला.

“शेठ म्हणाले, गाडीने लांब नेऊन टाकायला परवडत नाय,” अनिलकाका पुटपुटले. “मला वाटलं, खड्डाच तर आहे. कोणाचं काय जातंय?”

“आमच्या गुरांचं जातंय!” काशीकाकी गरजली. “ओढा कुठून वाहतो ते माहीत नाय तुला?”

येसूबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं: उद्या सकाळपासून अनिलने स्वतः उभं राहून खड्डा उपसून साफ करायचा, शेठला गावात बोलवायचं, आणि तोवर शेडला कुलूप. बिंदेश्वरच्या पेट्या हलणार, पण फक्त उताराच्या वरच्या टोकाला, खाणीपासून लांब.

लाल-निळ्या चौकटींतला मध मात्र वायाच गेला. उतारावर परत आल्यावर बिंदेश्वरने त्या एकीवर एक रचून ठेवल्या आणि बराच वेळ तो त्यांच्याकडे बघत राहिला. ते बघून पौर्णिमाला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

“शाब्बास रे पोरांनो!” महादू पाटील आदेशची पाठ थोपटत म्हणाले. “काय डोकं चालवलंत! पंचायतीत सत्कार करू तुमचा. नारळ, पुष्पगुच्छ...”

“मला नको,” पौर्णिमा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आई तिला गप्प राहायच्या खुणा करत होती, पण आता ती थांबणार नव्हती.

“मला नारळ नको, काका. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आम्ही, की माश्या कुठून तरी आणतायत. तुम्ही म्हणालात, पोरांनी पोरांसारखं राहावं. मग खड्डा सापडला तेव्हा सांगितलं. तुम्ही म्हणालात, उद्या. ऐकलं असतंत तर निळं ओतलंच गेलं नसतं. एवढ्या माश्या मेल्या नसत्या!”

महादू पाटलांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाचच झटकली आणि हातातच धरून ठेवली.

“खरं बोलली पोरगी,” बांधावरून बुधाजी आजोबा म्हणाले. “चांगलं काम केलंत पोरांनो. पण त्याहून चांगलं म्हंजे, तुमी कंटाळला नाय. आमी मोठी माणसं पहिल्या नकारालाच घरी गेलो असतो.”

“चुकलं माझं,” पाटील म्हणाले. आधी पुटपुटल्यासारखं, मग बिंदेश्वरकडे वळून मोठ्याने, “चुकलं, भाऊ.”

बिंदेश्वरने मान हलवली.

सूर्य टेकडीआड गेला, तशा माश्या एकेक करून पेट्यांत परतल्या. चंदाने दारं बंद केली. पेट्या हलवायला जे गडी दोर घेऊन आले होते, तेच आता पेट्या उचलायला पुढे झाले. आदेश आणि काशीकाकी एका पेटीला, मनस्वी मध्येच लुडबुडायला. सगळ्यांत जड पेटीचं एक टोक पौर्णिमाने धरलं. दुसरं टोक कोणी धरलं म्हणून तिने पाहिलं, तर महादू पाटील!

“कुठे न्यायची, सांग,” ते म्हणाले. “तू म्हणशील तिकडे.”

पिवळ्या फुलांमधून पेट्यांची रांग वर चढू लागली. सगळ्यांत पुढे चंदा उलटी चालत होती, दोन्ही हात वर करून, आणि अख्ख्या वेळूपाड्याला आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत दटावत होती:

“हळू! हळू चला! आत माझी माणसं झोपलीयत!”